आईचा नवस आणि एका दिवसात जुने गोवे (कुडाळहून). मेणबत्ती किती उंचीची न्यावी?

खाडीकाठ | २१ नोव्हेंबर, रात्री १०.४०

मंडळी, जरा मार्गदर्शन हवंय.

आई ७४ वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेले, पण जीभ शाबूत. तिला यंदा नोव्हेनाच्या दिवसांत (फेस्ताआधीचे नऊ दिवस प्रार्थना असतात ते) जुन्या गोव्याला, गोंयच्या सायबाकडे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरकडे जायचंय. त्याच दिवशी परतही यायचंय, कारण "रातीक गुरांक कोण बघतलो?" गुरं म्हणजे एक गाय आणि तिचं वासरू. मुक्कामाचा विषय इथेच संपला.

आता पाठीमागची गोष्ट. मी तीन वर्षांचा असताना आजोळी, वेंगुर्ल्याला, विषमज्वराने आडवा झालो होतो. तिकडे शेजारी एक ख्रिश्चन मावशी राहायची. तिने आईला सांगितलं, "सायबाक सांग, झिलाच्या उंचयेची मेणबत्ती दी." आईने सांगितलं. मी उठलो. डॉक्टरांची औषधंही चालू होती, ते आई नाकारत नाही, पण श्रेय ती वाटून देते. मग शाळा, बाबांची बदली, आजीचं आजारपण, असं करत नवस राहिला तो राहिलाच. आता मी बेचाळिशीत आहे आणि पाच फूट दहा इंच.

तर घरात वाद असा, की मेणबत्ती तेव्हाच्या उंचीची की आताच्या? बायको म्हणते आताची, कारण नवस आता फेडतोय. बहीण म्हणते तेव्हाची. आई गप्प आहे, हे जास्त काळजीचं.

बाकी गाडीने जावं की रेल्वेने, गर्दी कमी कधी असते, म्हातारं माणूस किती चालेल, कोणी अलीकडे गेलं असेल तर सांगा.

---

मालवणी_पोर | २१ नोव्हेंबर, रात्री ११.०२

तेव्हा तीन फूट, आता पावणेसहा. वरचे पावणेतीन फूट म्हणजे ३९ वर्षांचं व्याज. बँकेपेक्षा सायब परवडलो.

---

सोनचाफा | २२ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

आम्ही सावंतवाडीहून दोनदा रेल्वेने गेलो. कोकणकन्या सकाळी कुडाळ, सावंतवाडी करत थिवीनंतर करमळीला थांबते. करमळी हेच जुन्या गोव्याचं स्टेशन, बाहेर पडलात की रिक्षाने काही मिनिटांत चर्चपाशी. थिवी किंवा मडगावला उतरून उगाच वळसा घालू नका, नवखे लोक तेच करतात. संध्याकाळी मुंबईकडे जाणारी तीच गाडी पकडून घरी. वेळा मात्र तिकीट काढताना बघूनच घ्या. आमची एकदा दीड तास उशिरा आली आणि सासूबाईंनी स्टेशनवर बसून अख्खी वेणी ओवली.

पण आईंच्या गुडघ्यांचं बघा. जिना चढावा लागला तर? शिवाय नोव्हेनात आरक्षण न करता डब्यात शिरणं म्हणजे आंगणेवाडीची जत्रा.

---

वेंगुर्ल्याची_सून | २२ नोव्हेंबर, सकाळी ९.३०

मेणबत्ती इथून घेऊन जाऊ नका! आम्ही शहाणपणा करून आधीच लांब मेणबत्ती घेतली आणि गाडीच्या मागच्या काचेखाली आडवी ठेवली. बांद्यात चहाला थांबलो, तिकडे पत्रादेवीला नाक्यावर गाडी उन्हात उभी. जुन्या गोव्याला पोचेपर्यंत तिची विळी झाली होती. मी दोन हातांत धरून रांगेत उभी, मागची बाई हसतेय. तिथे चर्चबाहेर रांगेने विक्रेते बसलेले असतात, तिथेच घ्या. मेणाचे हात, पाय, डोळे, घर, सगळं मिळतं. ज्याचं जे दुखतं ते वाहायचं. आईंसाठी मेणाचे पाय घ्यायला हरकत नाही, दोन नवस एका फेरीत.

---

फेस्तकार | २२ नोव्हेंबर, दुपारी १.१०

मी म्हापशाचा, दर वर्षी जातो, म्हणून जरा सविस्तर.

नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होते आणि २ डिसेंबरपर्यंत चालते. फेस्त, म्हणजे सायबांचा सण, ३ डिसेंबरला, त्याच तारखेला १५५२ साली सायब चीनच्या किनाऱ्यावरच्या सांच्यान बेटावर वारले. आधी तिथेच पुरलं, मग मलाक्का, आणि १५५४ मध्ये देह गोव्यात आला. नोव्हेनात पहाटेपासून एकामागून एक मिसा (चर्चमधल्या प्रार्थना) असतात, बहुतेक कोंकणीत. आईंना मालवणी येते म्हणजे अर्ध्याहून जास्त समजेल. ३ तारीख आणि मधला रविवार टाळा. आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी नऊच्या आत पोचलात तर उत्तम. शेवटच्या दोन-तीन दिवसांत बेळगाव, कारवार आणि तुमच्या सिंधुदुर्गातूनही पायी येणारे जथे असतात. पंढरीला जातात तसेच, फक्त टाळ नाहीत.

सायबांची पेटी बॉं जेझू बाझिलिकात, आत गेल्यावर वेदीच्या उजव्या हाताच्या कपेलात (छोट्या प्रार्थनागृहात) आहे. पण आईंना आधीच सांगून ठेवा, पेटी खूप उंचावर आहे. चांदीची पेटी १६३७ सालची, गोव्याच्याच शेटांनी, म्हणजे सोनारांनी, घडवलेली. खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याला सायबांच्या डोक्याखालची उशी भेट मिळाली, त्याची परतफेड म्हणून त्याने फोज्जिनी नावाच्या शिल्पकाराकडून हा चौथरा करवून पाठवला. १६९८ मध्ये बसवला. खालून फक्त पेटी दिसते, आतलं फारसं काही नाही. देह जवळून बघायचा तर दर दहा वर्षांनी शवप्रदर्शन असतं, तेव्हा पेटी खाली उतरवून से कॅथेड्रलात नेतात. मागचं २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ झालं. पुढचं २०३४ च्या सुमारास.

गुडघे, खांदे झाकलेले कपडे. आईंना हे सांगायची गरज नाही, तुम्हाला असेल.

आता उंचीचं. आमच्याकडे आंगवण, म्हणजे नवस, बोलताना जी उंची तीच. माझी आजी सुताने मापायची, भुरग्याच्या टाचेपासून टाळूपर्यंत सूत धरून गाठ मारायची. आईंनी तसं काही केलं होतं का विचारा.

---

दगडफूल | २२ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

रसभंग करतोय, पण ज्या माणसाने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) मागवलं, त्याला आपण उंचीएवढ्या मेणबत्त्या वाहायच्या? तिसवाडी, बार्देश, साष्टीत देवळं पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला न्यावा लागला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. हे माहीत असूनही जायचं असेल तर खुशाल जा.

---

फेस्तकार | २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.२०

@दगडफूल, पत्राचं बरोबर आहे, मी नाकारणार नाही. फक्त एवढं, की इन्क्विझिशन प्रत्यक्षात १५६० मध्ये बसलं, सायब जाऊन आठ वर्षं झाल्यावर, आणि कायमचं उठलं १८१२ मध्ये. त्यात सगळ्यात जास्त भरडले गेले ते बाटलेलेच, म्हणजे आमचे पूर्वज. तुळस लावली, धोतर नेसलं म्हणून धरून नेत. त्यामुळे हा राग करायचा हक्क आम्हालाही आहे. आणि तरी माझी आजी सायबाला सूत बांधायची आणि जत्रेला देवीकडे तेलही धाडायची. तिला कोणी विचारलं नाही आणि तिने कोणाला विचारलं नाही.

---

दगडफूल | २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.०५

मान्य. पण मग एक करा. से कॅथेड्रलच्या बाजूने खाली नदीकडे गेलात की व्हाइसरॉयची कमान लागते, त्यापुढे धक्का. तिथून फेरी दिवाडी बेटावर जाते. मूळ सप्तकोटेश्वर दिवाडीवरचा. तिथून तो पलीकडे नार्व्याला गेला आणि त्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये खुद्द शिवाजी महाराजांनी केला. दिवाडीहून नार्व्याला दुसरी फेरी आहे. गाडी बोटीवर चढते, आईंना उतरायचीसुद्धा गरज नाही. एका दिवसात दोन्ही हिशोब.

---

मालवणी_पोर | २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ७.३०

दगडफूलरावांनी वाद घालता घालता सहल ठरवून दिली. ह्या धाग्याला मुकुट.

---

खाडीकाठ | २३ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

@फेस्तकार, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही न बोलता आत गेली. ट्रंक ओढल्याचा आवाज आला. लग्नातला शालू, बाबांचा टेरिलिनचा सदरा, डांबराच्या गोळ्या, आणि अगदी तळाशी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात माझी जावळाची पुडी, बारशाची चांदीची वाळी आणि हळदीने पिवळं पडलेलं एक सूत. दोन्ही टोकांना गाठ.

मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलंस, चार दिवस आम्ही भांडतोय. म्हणाली, "माका खय कोणी इचारल्यानी?"

टेप लावून मोजलं. ८९ सेंटिमीटर. बहीण जिंकली. गाडीने जायचं ठरलं, मेव्हण्याची गाडी मिळतेय. बुधवारी निघतो.

---

वेंगुर्ल्याची_सून | २३ नोव्हेंबर, सकाळी ८.१२

डोळ्यांत पाणी आलं हो. बिस्किटाचा डबा आमच्याकडेही आहे, त्यात सुईदोरा असतो.

---

रेवसधक्का | २३ नोव्हेंबर, सकाळी ११.००

मी सध्या मुंबईत. इथे वांद्र्याच्या मोतमाऊलीकडे (माउंट मेरी) हेच चालतं. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा, मेणाचे हातपाय आणि रांगेत निम्मे लोक आपल्यासारखे, कपाळाला कुंकू लावलेले. आमची कोळीणबाई दर वर्षी मेणाची होडी वाहते. नवऱ्याची खरी होडी दोनदा बुडता बुडता राहिली आहे. विषयाला धरून नाही, पण राहवलं नाही.

---

फेस्तकार | २३ नोव्हेंबर, दुपारी २.४०

@खाडीकाठ, एक पर्याय मनात ठेवा. जुन्या गोव्यात गर्दी फार असली, आईंना झेपलं नाही, तर परतताना म्हापसा वाटेतच आहे. सेंट जेरोमच्या इगर्जीत (चर्चमध्ये) मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मारिया माता. तिचं फेस्त ईस्टरनंतर तिसऱ्या सोमवारी, तेव्हा हिंदू तेल वाहतात. सात बहिणींपैकी ती एक, शिरगावची लईराई देवी तिची बहीण, असं आमच्याकडे दोन्ही बाजूंनी मानतात. सायबीण तेल पाठवते, लईराई मोगरीची फुलं पाठवते. तिथे पायऱ्या कमी आणि बोलणी खावी लागत नाहीत.

---

खाडीकाठ | २७ नोव्हेंबर, रात्री ९.१५

काल जाऊन आलो. सगळ्यांचे आभार. लिहायला वेळ लागला कारण आज दिवसभर आईच्या गुडघ्यांना तेल चोळणं चालू होतं.

पहाटे साडेपाचला निघालो. झारापला हायवेला लागलो, बांद्यात चहा, पत्रादेवी पार करून पेडणे, म्हापसा. तोपर्यंत लोण्यासारखा रस्ता. पर्वरीला उड्डाणपुलाच्या कामाने सगळं मुसळ केरात. तिथे पाऊण तास गेला. आई म्हणाली, "हेच्यापेक्षा चलत इलंय असतंय तर बरा." पणजीत मी मुद्दाम अटल सेतूवरून न जाता जुन्या रायबंदरच्या रस्त्याने गेलो. तो बांध पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये घातलाय, सुमारे तीन किलोमीटर, डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं. आईने काच खाली केली आणि पूर्ण रस्ता एक शब्द बोलली नाही. ही दुर्मिळ घटना म्हणून नोंदवतोय.

गाडीतळापासून बरंच चालावं लागतं. गुडघेवाल्यांनी लक्षात ठेवा, आधी माणसाला चर्चपाशी उतरवा आणि मग गाडी लावायला जा. आम्ही उलट केलं. दोनदा बसावं लागलं. दुसऱ्यांदा एका खाज्यांच्या दुकानाच्या बाकड्यावर, त्यामुळे जाण्याआधीच पाव किलो खाजे घेणं आलं. दुकानदाराने न मागता पाणी दिलं.

मेणबत्तीवालीकडे उंची विचारली तर तिच्याकडे ठरावीक मापं. एक दोन फुटी, मग एकदम चार फुटी. आईने कनवटीचं सूत काढलं. त्या बाईने काही विचारलं नाही, हे मला फार आवडलं. तिने चार फुटी मेणबत्ती मांडीवर आडवी घेतली, वातीच्या टोकापासून सूत धरलं, गाठ आली तिथे नखाने खूण केली आणि पातं मेणबत्तीवर तापवून खालचा तुकडा उडवला. बूड पुन्हा पात्याने सारखं केलं. तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून परत दिला. पैसे मात्र पूर्ण चार फुटांचे घेतले. आई घासाघीस करणार होती, मी डोळे मोठे केले. तो तुकडा तिने पिशवीत घातला, "लाईट गेली काय लागतलो."

बाझिलिकाच्या समोर उभी राहून तिने पहिलं काय म्हटलं असेल? "ह्यो तर आपलोच चिरो!" खरंच आहे, भिंती जांभ्याच्या. पूर्वी गिलावा होता, १९५० च्या दशकात तो काढून टाकला, तेव्हापासून चिरा उघडा आहे आणि पावसात झिजतोय यावरून तज्ज्ञांत वाद चालू असतात. आईचा निकाल तिथल्या तिथे लागला, "चिऱ्याक गिलावो नको तर मगे पावसात काय करतलो?" दर्शनी भागातले खांब मात्र काळ्या दगडाचे, वसईहून आणलेले. १५९४ मध्ये बांधायला घेतलं आणि १६०५ मध्ये पुरं झालं. त्या काळी वसईहून दगड होडीनेच आला असणार, तो विचार करत मी उन्हात उभा राहिलो आणि टोपी विसरल्याचं कळलं.

मेणबत्ती आत पेटवायची नसते. बाहेर वेगळी जागा आहे, तिथे ठेवायची. मी धरली, आईने पेटवली. वाऱ्याने दोनदा विझली. शेजारी हुबळीकडचं कुटुंब होतं, त्यांच्या आजींनी पदराचा आडोसा केला. दोन म्हाताऱ्या, एकीला कन्नड येतं, एकीला मालवणी, आणि त्यांचं पाच मिनिटं गुडघ्यांवर व्यवस्थित बोलणं झालं. कसं ते विचारू नका.

रांगेत स्वयंसेवक पोरांनी आईला बाजूने पुढे नेलं. मी मागे राहिलो, त्यामुळे पेटीसमोर ती काय बोलली ते मला माहीत नाही. बाहेर आल्यावर विचारलं, दिसला का सायब? म्हणाली, "इतको वर ठेवल्यानी हा, मान दुखली." थोड्या वेळाने, "पण उशीची गोष्ट खरी मां?" @फेस्तकार, तुमची उशी तिला भलतीच आवडली आहे. एका उशीच्या बदल्यात एवढा संगमरवर, हा सौदा ती आता सगळ्या वाडीला सांगतेय.

@दगडफूल, फेरी घेतली. धक्क्यावर अर्धा तास थांबून गाडी बोटीवर चढवली, आई आतच बसून राहिली. दिवाडीवरून नार्व्याला पोचेपर्यंत अडीच वाजले आणि देऊळ बंद असेल अशी धाकधूक होती, पण उघडं मिळालं. तिथे गार सावलीत आईने पाय पसरले आणि डबा उघडला. घावणे आणि रात्रीची उसळ. शिवाजी महाराजांचं सांगितलं तर म्हणाली, "आपलो माणूस." तुमचा दोन हिशोबांचा मुद्दा तिच्यापुढे मांडला नाही. तिच्या हिशोबात तो एकच असावा असं मला वाटलं, पण मी तसं विचारलं नाही.

परत यायला रात्रीचे नऊ झाले. गाय ओरडत होती.

---

सोनचाफा | २७ नोव्हेंबर, रात्री ९.५०

फार सुंदर लिहिलंत. एकच शंका, खाजे कसे होते? आम्ही आणले ते दोन दिवसांत मऊ पडले.

---

खाडीकाठ | २७ नोव्हेंबर, रात्री १०.०५

आल्याचे, गुळाचे, ताजे होते. टिकतात की नाही सांगता येणार नाही, परतीच्या वाटेवरच संपले.

---

मालवणी_पोर | २७ नोव्हेंबर, रात्री १०.२०

आणि त्या सुताचं काय झालं? जाळलंत का मेणबत्तीबरोबर?

---

खाडीकाठ | २८ नोव्हेंबर, सकाळी ७.३०

नेमकं बोट ठेवलंत. सूत मेणबत्तीला गुंडाळून तिथेच ठेवायचं होतं म्हणे. कापून घेण्याच्या गडबडीत ते आईच्या कनवटीलाच राहिलं, आज धुवायला लुगडं काढलं तेव्हा सापडलं. आता ती म्हणतेय, नवस अर्धाच फिटला. मी म्हटलं, सायब काय टेप घेऊन बसलाय? त्यावर तिने जे सांगितलं ते इथे लिहिता येणार नाही.

@फेस्तकार, याला काही उपाय?

---

फेस्तकार | २८ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

आसा मरे! ईस्टरनंतर तिसऱ्या सोमवारी म्हापशाला या, मिलाग्रीस सायबिणीकडे. सूत घेऊन या. आणि येताना थोडं खोबरेल, घाण्यावरचं.

---

खाडीकाठ | २८ नोव्हेंबर, सकाळी ८.२२

आईने विचारलंय, तिथे चढ किती आहे?